तळ्यातला मासा आजारी दिसला की: आधी पाणी, मग मासा, मग औषध

रोज खाणं टाकताना हाताशी येणारा मासा एखाद्या सकाळी हौदाच्या कोपऱ्यात एकटाच उभा असतो. पर अंगाला घट्ट मिटलेले, रंग उतरलेला, खाण्याकडे लक्ष नाही. अशा वेळी दुकानातून निळ्या-हिरव्या औषधाची बाटली आणून हौदात ओतणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बागेतल्या हौदातल्या कोई (रंगीत कार्प) आणि गोल्डफिशची बहुतेक दुखणी पाण्यापासून सुरू होतात. जंतू आणि परजीवी मागून येऊन संधी साधतात. पाणी तसंच ठेवून औषध ओतलं, तर आधीच गुदमरलेल्या कल्ल्यांवर आणखी एक भार पडतो.

क्रम पक्का ठेवा. त्या दिवशी खाणं बंद, हवेचा पंप पूर्ण जोरात, मग पाण्याची तपासणी, मग माशाची. औषध सर्वांत शेवटी. खाणं बंद केल्यानं माशाचं काही बिघडत नाही, धडधाकट कोई आठवडाभर सहज उपाशी राहतो. न खाल्लेलं खाणं कुजून अमोनिया वाढायला मात्र एक दिवस पुरतो.

घड्याळाकडे बघा

त्रास दिवसाच्या कुठल्या वेळी दिसतो, यावरून निम्मं निदान होतं. पहाटे साडेपाच-सहाला मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत असतील आणि नऊ-दहापर्यंत आपोआप सावरत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे. हिरव्यागार पाण्यात हे हमखास होतं, कारण शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच वापरतं. उन्हाळ्यात दुष्काळात तेरावा महिना: २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. तो ३ च्या खाली गेला की माशांची धडपड दिसायला लागते. रात्रीतून मोठे मासे मेले आणि लहान वाचले, तर प्राणवायूचाच संशय घ्या. मोठ्या माशाची गरज जास्त, म्हणून तो आधी जातो. पंप रात्री बंद ठेवून वीज वाचवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा हवापंप लावा. तोही नसेल तर बादलीनं हौदातलंच पाणी उंचावरून त्यात ओतत राहा. हा उपाय साधा आहे, पण त्यानं मासे वाचतात.

याउलट सकाळी बरे असलेले मासे दुपारी तीन-चारला तळाशी बसत असतील, अंग झटकत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर अमोनियाकडे बघा. हिरव्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) दुपारी वर चढतो आणि अमोनियाचं विषारी रूप वाढतं. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो. पीएच ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९ ला ४० टक्क्यांच्या वर. म्हणजे टेस्ट किटवर सकाळ-दुपार आकडा तोच दिसतो, पण सकाळी सोसवणारं पाणी दुपारी जाळतं. म्हणून एकदाच नाही, पहाटे आणि दुपारी अशी दोनदा तपासणी करा.

किती मासे आजारी आहेत, हेही बघा. सगळे एकाच दिवशी मलूल झाले तर कारण पाण्यात असतं. एकच मासा, तोही एका बाजूनं जखमी, म्हणजे मार किंवा चावा. आज एक, परवा दोन, आठवड्यानं पाच असं चाललं असेल तर परजीवी किंवा संसर्ग, आणि बहुधा गेल्या महिन्याभरात आणलेल्या नव्या माशाबरोबर आलेला.

पाण्याची मापं

पुढचा सगळा हिशेब हौदात किती पाणी आहे यावर चालतो, आणि अंदाजपंचे औषधानं फार मासे मरतात. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि २८.३ नं गुणा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट खोल हौदात १८० घनफूट म्हणजे साधारण ५१०० लिटर पाणी. बाजू उतरत्या असतील, आत दगड आणि कमळाच्या कुंड्या असतील, तर तेवढं वजा करा. एकदा हा आकडा काढला की फिल्टरच्या झाकणावर रंगानं लिहून ठेवा.

थेंबांच्या टेस्ट किटनं चार गोष्टी मोजा: अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि कार्बोनेट क्षारता. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, त्यामुळे पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसतात. याला मीठ फार चांगलं लागू पडतं. १००० लिटरला १ किलो खडे मीठ विरघळवून घातलं, तर मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदलून आणि फिल्टर स्थिरावून मूळ दोष जाईपर्यंत एवढ्यावर मासा तग धरतो.

क्षारता कमी असेल तर पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी आणि पावसाचं पाणी असं हलकं असतं. मुसळधार पावसानंतर गच्चीची पन्हळ थेट हौदात पडत असेल तर क्षारता पातळ होते आणि कबुतरांची घाणही सोबत येते. १००० लिटरला १०० ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की क्षारता लिटरमागे साधारण ६० मिलिग्रॅमनं वाढते. तो दोन-तीन हप्त्यांत घाला. कारण अमोनिया साचलेल्या, आंबट झालेल्या जुन्या पाण्याचा पीएच झटक्यात वर नेला, तर निरुपद्रवी रूपातला अमोनिया तासाभरात विषारी होतो. महिनोन्महिने दुर्लक्ष झालेल्या हौदाचं पाणी एका दमात निम्मं बदललं आणि मासे मेले, हे नेमकं यामुळे घडतं. अशा हौदात रोज १० टक्केच बदला. एरवी २५ ते ३० टक्के चालतं. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात २-३ अंशांहून जास्त फरक नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाइप हौदात सोडून विसरलात की दोन तासांत कल्ले भाजतात. मत्स्यालयाच्या दुकानात हायपो म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट १००० लिटर नव्या पाण्याला १० ग्रॅम पुरतं. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येत असेल तर दुप्पट घ्या. पाणी येण्याआधी ते हौदात घाला, नंतर नाही. बोअरचं पाणी क्लोरीनमुक्त असलं, तरी त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि विरलेले इतर वायू भरपूर असतात. ते एक दिवस टाकीत हवा देऊन मगच सोडा.

सिमेंटचा नवा हौद हा वेगळा घोळ. कच्च्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच १० पर्यंत चढतो. केळीचे खांब टाकून मुरवा, चार-पाच वेळा भरून रिकामा करा, काहीही करा, पण भरून आठवडाभर ठेवल्यावर पीएच साडेआठच्या खाली टिकतो का हे मोजल्याशिवाय त्यात मासा सोडू नका.

गणपतीनंतरची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं प्लास्टरच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरी विसर्जन करण्याची पद्धत दिली, आणि ती चांगली आहे. पण त्या बादलीत उरतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खत. पातळ करून झाडांना घाला. हौदात एक तांब्याही नको, आणि हौदाकडे उतार असलेल्या वाफ्यातही नको.

मासा हातात घेण्याआधी

पाणी ठीक असेल, किंवा दुरुस्त केल्यावरही मासा मलूलच असेल, तर त्याला जवळून बघावं लागतं. जाळीनं उचलू नका. मोठ्या कोईचं वजन जाळीच्या गाठींवर आलं की खवले निघतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो. तोच त्याचा जंतूंपासूनचा पहिला बचाव आहे. जाळीनं फक्त वळवायचं, आणि पाण्यात बुडवलेल्या घमेल्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट घ्यायचं. हात ओले, अंगठ्या काढलेल्या.

उपचाराचा टब आधी तयार हवा: २०० ते ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी, तीही सावलीत. पाणी हौदातलंच, जर ते तपासणीत चांगलं निघालं असेल तर. हवेचा दगड, हौदाच्या फिल्टरमधला मुरलेला स्पंज, आणि वरून घट्ट बांधलेली जाळी, कारण टबातला कोई पहिल्याच रात्री उडी मारतो.

शांत न होणाऱ्या माशाला भूल लागते. लवंगेचं शुद्ध तेल घ्या. बाटलीवर नीट वाचा, दातदुखीसाठी मिळणाऱ्या काही बाटल्यांत दुसरं तेल मिसळलेलं असतं. २० लिटर पाण्याला १ मिलिलिटर. ते थेट ओतलं तर वर तरंगतं आणि कल्ल्यांना चिकटतं, म्हणून आधी झाकणाच्या छोट्या बाटलीत कोमट पाणी घालून दुधासारखं होईपर्यंत हलवा. तीन ते पाच मिनिटांत मासा कलंडतो, शेपटीच्या मुळाशी दाबलं तरी हलत नाही, पण कल्ले चालू असतात. कल्ल्यांची हालचाल थांबायला आली तर सगळं सोडून त्याला स्वच्छ, हवा दिलेल्या पाण्यात न्या. पाण्याबाहेर एका वेळी एक मिनिट, त्याहून जास्त नाही.

आता बघा. कल्ल्याचं झाकण अंगठ्यानं हलकेच उचला. निरोगी कल्ला भडक लाल आणि कंगव्यासारखा सुटा दिसतो. फिकट गुलाबी म्हणजे रक्त कमी, चॉकलेटी म्हणजे नायट्राइट, पांढरे कुजके डाग म्हणजे जिवाणूंचा किंवा विषाणूचा गंभीर आजार. अंगावरून हात उलटा-सुलटा फिरवा, परांच्या मुळाशी आणि पोटाखाली बघा. गालांवर आणि पुढच्या परांच्या कडेला रांगेत बसलेले पांढरे खरखरीत ठिपके हे नराचे विणीच्या हंगामातले उंचवटे असतात, रोग नसतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात दाणे सगळ्या अंगावर आणि शेपटीवर अस्ताव्यस्त, मीठ भुरभुरल्यासारखे असतात. या दोहोंत गल्लत करून किती निरोगी नरांना औषध पाजलं जातं!

शंभर पट दिसतं तेच खरं

परजीवींवर अंदाजानं औषध घालू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक ४० आणि १०० पटींवर पुरेसा आहे, आणि हौद सांभाळणाऱ्यानं तो घ्यावाच असं आमचं ठाम मत आहे. पुढच्या पराच्या मागून शेपटीच्या दिशेनं, खवल्यांच्या उतारावरून, काचपट्टीची कड हलक्या हातानं ओढा. निघालेला बुळबुळीत थेंब दुसऱ्या काचपट्टीवर ठेवा, वर हौदाच्याच पाण्याचा एक थेंब, त्यावर पातळ झाकणकाच. पाच मिनिटांच्या आत बघा, सुकलं की जीव मरतात आणि दिसेनासे होतात. नळाचं पाणी वापरू नका, क्लोरीननं तेच होतं.

तबकडीसारखं गोल, आत दातेरी चक्र, गरगर फिरत धावणारं दिसलं तर ट्रायकोडिना. लांबट, आखडणारं-ताणणारं, एका टोकाला आकडे असलेलं म्हणजे त्वचेवरची चपटी कृमी. मोठा, संथपणे लोळणारा गोळा, आत घोड्याच्या नालासारखं केंद्रक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. दर नजरेत एखादा ट्रायकोडिना असणं नेहमीचं आहे. पाच-सहा दिसले तरच उपचार करा.

पांढऱ्या ठिपक्यांच्या जंतूच्या बाबतीत औषध कुठलं यापेक्षा ते कधी लागू पडतं यावर सगळं अवलंबून. ठिपक्याच्या आत असताना त्याला काहीच लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटतो आणि पिल्लं पोहायला लागतात तेव्हाच मरतो. २५ अंशांच्या आसपास हे चक्र चार-पाच दिवसांत फिरतं, थंडीत बरंच लांबतं. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्यांच्या हौदात तो आठवड्यानं परततो. १००० लिटरला ३ किलो खडे मीठ दोन आठवडे राहू द्या. वरच्या ५१०० लिटरच्या हौदाला १५ किलो. बादलीत विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांत घाला. कमळं, कुमुदिनी आधी बाहेर काढा, मिठानं त्यांची पानं जळतात. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) असेल तर तेही काढा, कारण खाऱ्या पाण्यात ते साठवलेला अमोनिया परत सोडतं. उन्हानं पाणी आटलं तर साधंच पाणी भरा, मीठ उडून जात नाही. पाणी बदललंत तर मात्र काढलेल्या पाण्याच्या हिशेबानं मीठ पुन्हा घाला.

डोळ्यांना दिसणारे दोन परजीवी वेगळे. माशांची ऊ ही चपटी, पारदर्शक, अर्धा ते एक सेंटिमीटरची, दोन काळ्या डोळ्यांची, अंगावर सरकत जाणारी. चिमट्यानं अलगद निघते. ती अंडी घालायला माशाला सोडून कठीण पृष्ठभागावर जाते, आणि तिथेच तिला पकडता येतं. बांबूच्या चिरफळ्या किंवा फरशीचे तुकडे हौदात उभे टांगा, दर आठवड्याला काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा टांगा. अंड्यांच्या पिवळसर रांगा त्यावर बोटानं जाणवतात. सहा आठवडे नेटानं केलंत तर प्रादुर्भाव बराच खाली येतो. शेतातलं फवारणीचं सायपरमेथ्रिन घरच्या हौदात घालायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. एवढ्याशा पाण्यात थेंबाची चूकही मारते, आणि त्या बाटलीत पिकांसाठीची द्रावकंही असतात.

दुसरा नांगर-कृमी: खवल्याखालून लोंबणारा एक-दीड सेंटिमीटरचा पांढरा-हिरवट दोरा, टोकाला दोन फाटे. ते फाटे म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. ओढताना दोऱ्याच्या मध्यावर धरलंत तर तो तुटतो, नांगर मांसात राहतो आणि तिथे गळू होतं. चिमटा अगदी त्वचेला टेकवून धरा, डोक्याकडून शेपटीकडे तिरका, एकसारखा ताण द्या. निघाला की त्या छिद्रावर पोव्हिडोन आयोडीन. एका माशावर दोन दोरे दिसले म्हणजे हौदात पिल्लं आहेतच. तीन आठवड्यांनी सगळे मासे पुन्हा तपासा.

जखम

जखमेचा आकार कारण सांगतो. एकच खोल भोक किंवा दोन्ही बाजूंना समोरासमोर खुणा: ढोकरी किंवा बगळा. समांतर ओरखडे: मांजर. पावसाळ्याच्या सुरुवातीला मादीच्या पोटाचे आणि शेपटीजवळचे खवले गेलेले: नरांनी विणीसाठी केलेला पाठलाग. एका कुशीवर लांब घासलेलं, खवले विस्कटलेले: मासा अंगाची खाज दगडावर घासत होता. अशा वेळी जखमेपेक्षा आधी परजीवी शोधा, नाहीतर बरी झालेली जखम तो पुन्हा खरवडून घेईल.

नुसता खवला गेला असेल आणि खाली त्वचा अखंड असेल, तर हात लावू नका. पाणी स्वच्छ ठेवा, ती आपोआप भरते. पकडून औषध लावण्यात जास्त नुकसान होतं.

मांस उघडं पडलं असेल, किंवा मधे लाल खड्डा, भोवती पांढरी कड आणि त्याबाहेर लालसर वळं असा व्रण असेल, तर उपचार करावाच लागतो. सगळं साहित्य ओल्या टॉवेलशेजारी मांडून ठेवा, भूल दिल्यावर शोधाशोध नको. मासा ओल्या टॉवेलवर, डोळ्यांवर टॉवेलचंच टोक. व्रणाच्या कडेचे उचललेले, सुटे झालेले खवले चिमट्यानं काढा. त्यांच्याखाली जंतू दडतात. घट्ट बसलेला खवला ओढू नका. सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं मधली पांढरट, पिवळट घाण पुसा, लाल-गुलाबी मांस दिसेपर्यंत. रक्ताचा एखादा थेंब आला तर थांबा. मग काडीनं पोव्हिडोन आयोडीनचं पातळ बोट फिरवा आणि तीस सेकंद थांबा. ते कल्ल्यांत किंवा डोळ्यांत ओघळता कामा नये, म्हणून डोकं नेहमी जखमेपेक्षा वर ठेवा. शेवटी तोंडातल्या व्रणांवर लावायची, ओल्या जागी चिकटणारी पेस्ट पातळ थापा. ती काही तास पाणी रोखते. मधेच मिनिट उलटलं तर मासा पाण्यात बुडवून कल्ले ओले करा आणि मग उरलेलं करा.

हे रोज करायचं नाही. तीन-चार दिवसांच्या अंतरानं, आणि तेही दोन-तीनदाच. रोज पुसलं तर रोज येणारी नवी त्वचा रोज निघते. हायड्रोजन पेरॉक्साइड एकदा, तेही घाणेरड्या जखमेवर. पुन्हापुन्हा लावलं तर तेच नवं मांस जाळतं.

टबात १००० लिटरला ३ ते ५ किलो या मापानं मीठ. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. त्वचा फाटली की तिथून क्षार बाहेर झिरपतात आणि पाणी आत घुसतं. मूत्रपिंड ते पाणी उपसत राहतं, त्यातच माशाची ताकद संपते. पाण्यात मीठ असलं की हा फरक कमी होतो आणि ती ताकद जखम भरायला मिळते. टबाचं पाणी छोटं, म्हणून अमोनिया रोज मोजा आणि रोज ३० ते ५० टक्के बदला. दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं. तोंडात घेतो का बघा. खायला लागलेला मासा बहुधा वाचतो.

पोटाच्या पोकळीपर्यंत गेलेलं भोक, हाड उघडं पडणं, किंवा एका व्रणाचे आठवड्यात तीन होणं: इथे घरगुती उपाय संपतात. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून प्रतिजैविकाचं इंजेक्शन किंवा औषध मिसळलेलं खाणं घ्यावं लागतं. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून हौदात टाकण्याची प्रथा सोडाच. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून टाकतात, माशापर्यंत काहीच पोचत नाही, आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मात्र मरू शकतात.

फसवणारी काही दुखणी

तोंडावर पांढरा लव आला की सगळे त्याला बुरशी म्हणतात. खरी बुरशी लांब धाग्यांची, कापसाच्या बोळ्यासारखी, थंड पाण्यात जुन्या जखमेवर येते आणि शेवाळ धरून हिरवट होते. तोंडाच्या कडेला, पाठीवर खोगिरासारखा आखूड, राखाडी-पिवळट थर आला आणि पाणी २५ अंशांहून गरम असेल, तर तो बहुधा कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोग. तो एक-दोन दिवसांत मारतो. बुरशीच्या औषधात दिवस घालवू नका.

सगळे खवले सीताफळासारखे उभे राहिले, पोट फुगलं, डोळे बाहेर आले, तर आतले अवयव निकामी होत आले आहेत. टबात मीठ देऊन चार दिवस बघा, पण आशा थोडी ठेवा. मासा उलटा तरंगतो आहे, खात नाही आणि जखमा वाढताहेत, तर त्याला सोडवणं हीच दया. भुलेच्या दहापट लवंगेचं तेल, म्हणजे २० लिटरला १० मिलिलिटर, आणि कल्ले थांबल्यानंतरही किमान अर्धा तास त्याच पाण्यात. मग खोल पुरा. नदीत, ओढ्यात टाकू नका, जिवंत असताना तर मुळीच नाही.

अंगावर अचानक काळे डाग आलेला गोल्डफिश मात्र बहुतेक वेळा बरा होत असतो. अमोनियानं भाजलेली त्वचा भरताना काळी पडते. पाणी तपासा, शून्य असेल तर निवांत राहा.

पोटॅशियम परमँगनेट

हे औषध चांगलं आहे, म्हणूनच धोक्याचं. बाह्य परजीवी आणि जिवाणू दोन्हींवर चालतं, पण हिशेब चुकला की कल्ले जळतात. चमच्यानं मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. टबात १० मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे २०० लिटरला २ ग्रॅम, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तुम्ही पूर्ण वेळ शेजारी बसून. संपूर्ण हौदात २ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे ५१०० लिटरला १० ग्रॅम. आधी बादलीत पूर्ण विरघळवा, कारण न विरघळलेला खडा मासा गिळतो. फिल्टर वगळून पाणी फिरवा, हवा पूर्ण जोरात. रंग चार तास गुलाबी राहिला तर मात्रा लागली. तासाभरात तपकिरी झाला तर औषध गाळाशी भांडण्यात संपलं. अशा वेळी आणखी घालू नका, आधी तळाचा गाळ काढा. मासे तडफडले तर हायपोचं द्रावण रंग जाईपर्यंत थोडं थोडं ओता, म्हणून ते हाताशी विरघळवून ठेवा. पीएच साडेआठच्या वर असेल तर परमँगनेट टाळा. फॉर्मेलिनबरोबर कधीही नाही. आणि एका वेळी एकच औषध. दोन एकत्र घातली तर कशानं बरं झालं आणि कशानं मेलं, दोन्ही कळत नाही.

शेततळ्यातले रोहू, कटला, मृगळ हे खायचे मासे. तिथे मॅलाकाइट ग्रीन आणि क्लोरँफेनिकॉल यांना हात लावायचा नाही, ती माणसाला घातक आणि खाद्यमाशांसाठी बंद आहेत. हिवाळ्यात तिथे दिसणारे लाल व्रण ॲफॅनोमायसिस नावाच्या जलबुरशीचे असू शकतात. हा रोग भारतात १९८८ मध्ये आला. मरळ आणि छोट्या पोठ्यांना तो आधी लागतो, तर कोई आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) त्याला फारशी दाद देत नाहीत. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं त्यावर सिफॅक्स नावाचं औषध काढलं, मात्रा एक मीटर खोल पाण्याच्या हेक्टरला १ लिटर. निदान हवं असेल तर रत्नागिरीजवळचं शिरगाव, उदगीर आणि नागपूर इथली मत्स्य महाविद्यालयं आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. जिवंत, नुकता आजारी पडलेला मासा त्याच पाण्यात न्या. मरून चार तास झालेल्या माशातून काहीच सांगता येत नाही.

परत हौदात

व्रणाची पांढरी कड गेली, मधला खड्डा गुलाबी होऊन वर आला आणि त्यावर पातळ, पारदर्शक त्वचा धरली की मासा परत न्यायला तयार. टबाचं मीठ चार दिवसांत, रोज चौथा हिस्सा साध्या पाण्यानं बदलून उतरवा. तापमान सारखं झालं की संध्याकाळी सोडा, उन्हात नाही. त्याआधी ज्यामुळे जखम झाली ते बंद झालेलं हवं: बगळ्यासाठी काठापासून वीतभर उंचीवर ताणलेली नायलॉनची जाळी, हौदाच्या दगडांच्या धारदार कडा घासलेल्या, नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत. पहिले दोन आठवडे खाणं टाकताना त्याच कुशीकडे बघत राहा. नवी त्वचा आधी काळसर दिसते. मग ती काळी कड आतल्या बाजूला सरकत लहान होते, आणि बऱ्याच आठवड्यांनी तिथे बारीक, जरा वाकडे, आजूबाजूच्यापेक्षा फिके खवले उगवलेले दिसतात.